पश्चिम नेमकी कुठून सुरू होते?

२०२४ च्या एप्रिलमध्ये मी अमेरिकेत होतो तेव्हा आठ तारखेचे खग्रास सूर्यग्रहण इंडियानापोलिसमध्ये पाहिले. ते अप्रतिम होते आणि त्याची माझ्यापेक्षा कितीतरी चांगली छायाचित्रे सगळीकडे उपलब्ध आहेत. शिकागोही पाहून झाले. परंतु नागपूरला परत आल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलो आहे ते सेंट पॉल येथील प्रेक्षागृहात, बर्फाच्या मैदानाभोवती बसून ऐकलेल्या भांडणाविषयी, आणि घरच्यांचे कान किटल्यामुळे आता ते लिहून काढण्यावाचून गत्यंतर नाही.

माझी ताई गेली बरीच वर्षे मिनिआपोलिसला राहते. तिचा मुलगा तिथेच लहानाचा मोठा झाला, आता मिनेसोटा विद्यापीठात शिकतो, आणि त्या विद्यापीठाच्या आइस हॉकी संघावर त्याची जी श्रद्धा आहे ती पाहून ताईला कधीकधी काळजी वाटते. अमेरिकेतील महाविद्यालयीन हॉकीचा हंगाम शेवटच्या चार संघांच्या स्पर्धेने संपतो. तिला ‘फ्रोझन फोर’ म्हणतात, आणि त्या वर्षी ती नेमकी सेंट पॉलमध्ये, म्हणजे त्याच्या घराजवळच, होती. आपला संघ तिथवर पोहोचेलच अशा खात्रीने त्याने व त्याच्या मित्राने कित्येक महिने आधी तिकिटे काढून ठेवली होती. मिनेसोटा मात्र त्याआधीच्या फेरीत सू फॉल्समध्ये बॉस्टन युनिव्हर्सिटीकडून ६–३ असा हरला. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही क्विनिपिॲककडून जादा वेळेच्या अवघ्या दहाव्या सेकंदाला हरल्याची जखम अजून ओली होती, त्यात हे. मित्राने यायला साफ नकार दिला आणि त्याचे तिकीट मामाच्या पदरात पडले.

खेळातले मला फारसे कळत नव्हते. चेंडूऐवजी रबराची चपटी चकती असते आणि ती बहुतेक वेळा दिसत नाही, एवढे पहिल्या दहा मिनिटांत समजले. थंडीचे मात्र कोणी आधी सांगितले नव्हते. बाहेर वसंत ऋतू असला तरी आत बर्फाशेजारी तीन-तीन तास बसायचे असते, आणि भारतातून आणलेले पातळ मोजे या कामाचे नाहीत. शाकाहारी माणसासाठी मक्याच्या लाह्या आणि तळलेले चीजचे गोळे यांपलीकडे काही मिळाले नाही. ताईने बांधून दिलेला चिवडा दारावरच्या माणसाने नियमाकडे बोट दाखवून कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावला, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

आत शिरल्यावर पहिली नवलाची गोष्ट दिसली ती लोकांच्या अंगावर. बर्फावर बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, डेन्व्हर आणि मिशिगन असे चारच संघ उतरणार होते, पण प्रेक्षकांनी घातलेल्या जर्सी देशभरातील विद्यापीठांच्या होत्या. नॉर्थ डकोटाचा हिरवा रंग, विस्कॉन्सिनचा लाल, डलूथचा लालपिवळा, मेनचा निळा. ज्यांचा संघ कधीच बाहेर पडला आहे तेही आपला रंग चढवून येतात आणि आपण कुठले आहोत हे न बोलता जाहीर करतात. हा इथला जुना रिवाज आहे असे भाच्याने सांगितले. तो स्वतः अर्थातच मिनेसोटाच्या गडद लाल-पिवळ्या जर्सीत होता. प्रेक्षागृहाच्या भिंतींवर मिनेसोटातील गावोगावच्या शाळांच्या हॉकी जर्सी टांगलेल्या आहेत. त्यात त्याने मला वॉररोड आणि एव्हलेथ ही गावे शोधून दाखवली. एव्हलेथ हे लोहखाणींच्या पट्ट्यातले छोटेसे गाव असून अमेरिकेच्या हॉकीचे दालन, म्हणजे तिथल्या थोर खेळाडूंचे संग्रहालय, १९७३ पासून त्याच गावात आहे.

आमच्या पुढच्या रांगेत नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्सहून पाच तास गाडी चालवून आलेले हिरव्या जर्सीतले वयस्कर जोडपे होते. डाव्या हाताला ॲन आर्बरचे, मिशिगनचे एक निवृत्त गृहस्थ, आणि त्यांच्या पलीकडे मुलीला घेऊन आलेले बॉस्टन कॉलेजचे एक माजी विद्यार्थी. तिकीट सगळ्या सामन्यांचे एकत्र असल्यामुळे उपान्त्य सामन्यांच्या गुरुवारी आणि अंतिम सामन्याच्या शनिवारी हीच मंडळी शेजारी असणार होती, आणि त्यांना ते ठाऊक असल्यामुळे कोणी जास्त तोडून बोलत नव्हते.

भांडणाला सुरुवात क्रमवारीवरून होईल अशी माझी अपेक्षा होती, कारण भाच्याने आगगाडीत मला तिचे सविस्तर प्रवचन दिले होते. पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांवर दर आठवड्याला एक यादी निघते, पण स्पर्धेतील प्रवेशाशी तिचा काडीचाही संबंध नसतो. प्रवेश तेव्हा ठरत असे तो ‘पेअरवाइज’ नावाच्या पद्धतीने. प्रत्येक संघाची दुसऱ्या प्रत्येक संघाशी जोडी लावायची, त्यांच्यातले आपापसातले सामने, दोघांनी ज्यांच्याशी सामने खेळले अशा संघांविरुद्धची कामगिरी आणि प्रतिस्पर्ध्यांची ताकद धरून काढलेली यशाची टक्केवारी पाहायची, आणि ज्याने अधिक जोड्या जिंकल्या तो वर. परगावी मिळवलेल्या विजयाला १.२ आणि घरच्या मैदानावरील विजयाला ०.८ असे वजन. सहा गटांचे विजेते थेट येत, उरलेल्या दहा जागा या गणिताने भरल्या जात. पंचावर राग काढता येतो, निवड समितीवर तर हक्काने काढता येतो, पण भागाकारावर कोण काय राग काढणार? त्या वर्षी बॉस्टन कॉलेज पहिले, बॉस्टन युनिव्हर्सिटी दुसरी आणि डेन्व्हर तिसरे होते, आणि याबद्दल त्या रांगेत कोणाचीच तक्रार नव्हती. सगळी तक्रार भूगोलाबद्दल होती.

निमित्त अगदी साधे होते. पहिल्या सामन्याच्या मध्यंतरात बर्फ सारखा करणारी झांबोनी यंत्रे फिरत असताना बॉस्टनचे गृहस्थ म्हणाले की पूर्वेकडचे दोन संघ आहेत आणि पश्चिमेकडचे दोन, म्हणजे वाटणी बरोबर झाली. ॲन आर्बरचे गृहस्थ ताडकन वळले. आपण पश्चिमेकडचे नव्हे, असे त्यांनी शांतपणे पण ठामपणे सांगितले. मिशिगन हे मिडवेस्ट, म्हणजे देशाच्या मध्यातला उत्तरेकडचा भाग, आहे, आणि डेन्व्हरपेक्षा बॉस्टनच त्याला कितीतरी जवळ आहे. बॉस्टनकरांनी १९४८ काढले. त्या वर्षी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ही स्पर्धा पहिल्यांदा झाली तेव्हा पूर्वेचे दोन आणि पश्चिमेचे दोन असे चार संघ बोलावले होते, पश्चिमेच्या दोघांत मिशिगन होते, आणि डार्टमथला ८–४ असे हरवून पहिले विजेतेपद घेताना मिशिगनने त्याबद्दल कुरकूर केल्याची नोंद नाही, असे ते म्हणाले.

यावर पुढच्या रांगेतील आजी मागे वळल्या. नॉर्थ डकोटा मिडवेस्टमध्ये येते की नाही, असे ॲन आर्बरच्या गृहस्थांना त्यांनी विचारले. ते जरा अडखळले आणि म्हणाले की ते म्हणजे मैदानी प्रदेश. मग मिनेसोटा? ते येते. आणि ओहायो? ते तर येतेच. म्हणजे तुमच्या गावापासून जे दूर ते मिडवेस्टच्या बाहेर, असा निकाल आजींनी दिला. तेवढ्यात भाच्याने फोनवर जनगणना विभागाचा नकाशा काढला. त्यात मिडवेस्टची बारा राज्ये आहेत आणि दोन्ही डकोटा, नेब्रास्का, कॅन्सससुद्धा त्यांत धरले आहेत. वाद मिटेल असे मला भोळेपणाने वाटले. उलट चौघेही सरकारच्या विरोधात एक झाले. भाच्याने तर मिनेसोटा मुळी मिडवेस्ट नाहीच, ते ‘नॉर्थ’ आहे, आयोवाबरोबर एका दावणीला बांधून घेण्याची आमची इच्छा नाही, असे सुनावले. बॉस्टनच्या गृहस्थांची दहा-बारा वर्षांची मुलगी हे सगळे तोंडात लाह्या धरून पाहत होती.

मी का रमलो ते सांगायला हवे. नागपूर म्हणजे मध्य प्रदेशाला लागूनच ना, असे पुण्यात मला इतक्यांदा विचारले गेले आहे की त्या आजींचा चेहरा मला ओळखीचा वाटला. त्यातच महिन्याभरापूर्वी वानखेडेवर विदर्भाला १६९ धावांनी हरवून मुंबईने बेचाळिसावी रणजी नेली होती. त्यामुळे ॲन आर्बरच्या गृहस्थांनी जेव्हा मिशिगनच्या नऊ अजिंक्यपदांचा उल्लेख केला आणि आजींनी तत्काळ उत्तर दिले की त्यांतील सहा १९५६ पर्यंतची, चारच संघ बोलवायचे तेव्हाची आहेत, तेव्हा मी नकळत टाळी वाजवली. बेचाळीसपैकी पंधरा सलग कोणत्या काळात आली हे कोणाला ऐकवावे असा प्रश्न मला महिनाभर पडलेला होता.

आजींच्या नॉर्थ डकोटाची लोकसंख्या आठ लाखांच्याही आत आहे, म्हणजे नागपूर शहराच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि अजिंक्यपदे आठ. ग्रँड फोर्क्सचे त्यांचे प्रेक्षागृह २००१ साली दहा कोटी डॉलरहून अधिक खर्च करून उभे राहिले. तिथल्या खुर्च्या चामड्याच्या आहेत, हे आजींनी आपल्या खुर्चीकडे तुच्छतेने पाहत मला सांगितले. हॉकी सोडून तिकडे लोक करतात तरी काय, असे बॉस्टनकरांनी विचारले. प्रश्न चेष्टेचा होता, पण मला तो खटकला. आजींना मुळीच खटकला नाही. “काही नाही,” त्या म्हणाल्या, “म्हणून तर आठ आहेत.” मग त्यांनी हिरव्या जाकिटाच्या आतल्या खिशातून मेणकागदात गुंडाळलेल्या, घरी केलेल्या ओट आणि चॉकलेटच्या वड्या काढल्या आणि रांगेत सर्वांना वाटल्या. माझा चिवडा कचऱ्यात गेला आणि यांच्या वड्या आत आल्या, याचे रहस्य त्या खिशात होते. आदरातिथ्य करायचे तर दारावरच्या माणसाकडे फार लक्ष द्यायचे नसते, हे मी शिकलो.

सामन्याचे म्हणाल तर डेन्व्हर आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी १–१ अशा बरोबरीत जादा वेळेत गेले, आणि ट्रिस्टन ब्रॉझ नावाच्या खेळाडूने गोल करून डेन्व्हरला जिंकून दिले. हा मुलगा इथलाच, मॉल ऑफ अमेरिका जिथे आहे त्या ब्लूमिंग्टनचा. भाचा उडी मारून उभा राहिला आणि “मामा, हा आमचा आहे, आमचा!” असे ओरडला. “तुमचा होता,” आजींनी मागे न वळता दुरुस्ती केली. ब्रॉझ एक हंगाम मिनेसोटाकडून खेळून मग डेन्व्हरला निघून गेला होता. भाचा खाली बसला. त्याचा आनंद आणि संताप एकमेकांत इतके मिसळले होते की पुढच्या सामन्यात बॉस्टन कॉलेजने मिशिगनला ४–० असे धुतले तिकडे त्याचे फारसे लक्षच नव्हते.

शुक्रवारी सामना नव्हता. आम्ही हर्ब ब्रूक्स यांचा पुतळा पाहायला गेलो. सेंट पॉलचे हे प्रशिक्षक १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन पोरांना घेऊन गेले आणि त्यांनी लेक प्लॅसिडला सोव्हिएत संघाला ४–३ असे हरवले, हे तिथे प्रत्येकाला पाठ असते. मात्र तो विजय कोणाचा यावर अजून एकमत नाही. मिनेसोटाचे लोक सांगतात की वीसपैकी बारा खेळाडू आणि प्रशिक्षक आमचे. बॉस्टनचे लोक सांगतात की निर्णायक गोल करणारा कर्णधार माइक इरुझिओनी आणि गोलरक्षक जिम क्रेग हे दोघेही मॅसॅच्युसेट्सचे. आणि १९७६ च्या महाविद्यालयीन उपान्त्य सामन्यात मिनेसोटा आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी खेळ सुरू होताच मैदानात हातघाईवर आली होती, हेही दोन्ही बाजू जवळजवळ अभिमानाने सांगतात. पुतळ्यापाशी बॉस्टन कॉलेजच्या जर्सीत छायाचित्र काढून घेणाऱ्या एका टोळक्याकडे भाचा ज्या नजरेने पाहत होता, ती नजर त्याच्या आईची, माझ्या ताईची, आहे.

शनिवारी पहिल्या क्रमांकाचे बॉस्टन कॉलेज हरले. डेन्व्हरचा गोलरक्षक मॅट डेव्हिस याने ३५ फटके अडवले, एकही आत जाऊ दिला नाही, आणि सामना २–० असा संपला. शेवटची काही मिनिटे बॉस्टनचे गृहस्थ हाताची घडी घालून बसले होते आणि मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली होती. ॲन आर्बरच्या गृहस्थांची पंचाईत निराळीच. त्या दिवसापर्यंत मिशिगन आणि डेन्व्हर दोघांचीही अजिंक्यपदे नऊ-नऊ होती, आता डेन्व्हरची दहा झाली. तरीही हे पश्चिमेचे यश आहे असे म्हणून बॉस्टनकरांना डिवचण्याचा मोह त्यांना आवरला नाही, आणि मग तुम्ही पश्चिमेचे आहात की नाही ते एकदा ठरवा, असे आजींनी त्यांना बजावले.

भाच्याने मात्र परतीच्या आगगाडीत आपला हिशेब मांडला. अंतिम सामन्यातला पहिला गोल जॅरेड राइटचा, आणि राइट बर्न्सव्हिलचा, म्हणजे ताईच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावरचा. उपान्त्य सामन्यातला निर्णायक गोल ब्लूमिंग्टनच्या ब्रॉझचा. तेव्हा डेन्व्हरचे दहावे अजिंक्यपद निदान अर्धे तरी मिनेसोटाचे धरावे लागेल, असे तो मोठ्याने म्हणाला. समोर उभा असलेला, डेन्व्हरची तांबडी टोपी घातलेला एक तरुण हसून म्हणाला की गोलरक्षक कॅनडाचा आहे, तेव्हा मग उरलेले अर्धे कॅलगरीला देऊन टाका. भाच्याने ते मनावर घेतले, आणि मिनिआपोलिसपर्यंत दोघे फोनवर खेळाडूंची जन्मगावे शोधत बसले.