सुतार भुंगे : सातव्या आठवड्याची नोंद

आधी चूक कबूल करतो. पहिल्या दोन आठवड्यांत मी वहीत सुतार भुंग्यांच्या, म्हणजे लाकूड कोरून घर करणाऱ्या मोठ्या मधमाश्यांच्या, दोन जाती लिहिल्या होत्या. एक काळा, वक्षावर पिवळीधमक लव असलेला. दुसरा अंगभर पिवळट-हिरवट. या आठवड्यात ओंडक्यातल्या एकाच भोकातून दोन्ही बाहेर पडले आणि माझी एक जात वहीतून खोडावी लागली. काळी ती मादी, पिवळट तो नर. फोटो मोठे करून मिशांचे खंड मोजले: काळीचे १२, पिवळट्याचे १३. मधमाश्यांच्या गोतात हा हिशेब सहसा चुकत नाही. रंगावर विसंबण्यापेक्षा मिशा मोजलेल्या बऱ्या. झायलोकोपा या सुतार भुंग्यांच्या प्रजातीत सुमारे ५०० जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक लांबून नुसत्या ‘काळा मोठा भुंगा’ अशाच दिसतात.

बंबलबीशी, म्हणजे दुसऱ्या एका गुबगुबीत, केसाळ मधमाशीशी, गल्लत होत असेल तर पोट पाहा. बंबलबीचं पोट लवेने भरलेलं असतं, यांचं वरून बरंचसं तुळतुळीत, पॉलिश केल्यासारखं.

डोक्याशी भुंगा लागणं म्हणजे काय ते नराने शिकवलं. ओंडक्यासमोर हवेत एकाच जागी तरंगतो आणि जे हलेल त्याच्यावर धावून जातो. मी खडा उडवला तर खड्यामागेही गेला! सगळा आव. नराला नांगीच नसते. मादीला असते, पण तिला मुठीत धरल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही.

कोरडं लाकूड कोरणारा भ्रमर कमळात अडकतो, हा दृष्टान्त आपण ऐकत आलो आहोत. पण कोरणारा ‘तो’ नसतो, ‘ती’ असते. ती दिसायच्या आधी ऐकू येते: लाकडाच्या आतून बारीक कर्रकर्र, आणि खाली भुशाची ढिगली. लाकूड ती खात नाही, जबड्यांनी कुरतडून बाहेर टाकते. भोक इतकं गोल, की कुणी ड्रिल मारलंय असं वाटावं. भोकाखाली भिंतीवर पिवळट ओघळ दिसले तर ती विष्ठा; बिळात कुणी राहतंय याची खूण.

गेल्या हंगामातला एक रिकामा तुकडा करवतीने उभा चिरला. बोगदा दोनेक सेंटिमीटर सरळ आत जातो आणि मग काटकोनात वळून लाकडाच्या रेषांच्या दिशेने धावतो. आत पाच खोल्या, मधले पडदे दाबलेल्या भुशाचे. एका खोलीत वाळलेला परागकणांचा गोळा तसाच पडून होता, वरचं अंडं बहुधा फुकट गेलं असावं. यांची अंडी कीटकांमधल्या सर्वांत मोठ्या अंड्यांत मोजली जातात, आणि एका खोलीत एकच.

लांब नळीच्या फुलाशी मात्र ही चोर. तोंडातून शिरत नाही, बुडाशी चीर पाडून मकरंद पिते, परागीभवन शून्य. कृष्णकमळावर गेली की पाठ परागांनी माखून निघते, तेव्हा सगळं माफ.

ओंडक्याखाली काळं कापड पसरून ठेवलंय. रोज सकाळी त्यावर चिमूटभर ताजा भुसा असायचा. आज कापड कोरं, आणि ती परतली तेव्हा मागचे दोन्ही पाय पिवळे होते. खोल्यांत परागांचा भरणा सुरू झालाय.