सातव्या ग्रीनखालचा काळा थर

गोल्फच्या मैदानावरचा होल दररोज जागा बदलतो, हे बाहेरच्या माणसाला सांगितले की त्याला नवल वाटते. एकाच जागी होल ठेवला तर थोड्याच दिवसांत त्याच्याभोवतीचे गवत बुटांखाली चिरडून मरते. म्हणून खेळ सुरू होण्याच्या आत अठराही ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळींवर, नवा होल कापायचा आणि त्यातून निघालेला मातीचा प्लग जुन्या होलमध्ये बसवून तो बुजवायचा, असे हे रोजचे काम आहे. होलचा व्यास जगभर १०८ मिलिमीटर असतो. आमचा कटर सुमारे २० सेंटिमीटर खोल जातो, म्हणजे कापणाऱ्याच्या हातात दर ग्रीनगणिक वीतभर लांबीचा, वर गवत आणि खाली मुळे असलेला जमिनीचा एक अखंड तुकडा येतो. जमिनीच्या पोटात काय चालले आहे हे रोज, अठरा ठिकाणी, स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा मैदानावर तो एकच माणूस असतो. आमच्याकडे हे काम नाना करतात. त्यांनी बुजवलेला होल दुसऱ्या दिवशी मलासुद्धा सापडत नाही, इतका तो सपाट बसलेला असतो.

मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात उद्यानविद्या शिकलो आणि गेली चौदा वर्षे पुण्याच्या पश्चिमेला, मावळाच्या तोंडाशी असलेल्या एका मैदानाची देखभाल पाहतो. जी घटना लिहितो आहे तिला तीन वर्षे झाली. अजूनही ऑगस्ट आला की ती मनात नव्याने सुरू होते.

ग्रीन म्हणजे वरवर पाहता गवताचा तुकडा असला, तरी आत ते एक बांधकाम असते. तळाशी निचऱ्याचे पाइप, त्यावर १० सेंटिमीटर खडी आणि त्यावर ३० सेंटिमीटर निवडक वाळू, ही १९६० साली अमेरिकन गोल्फ संघटनेने ठरवून दिलेली रचना आमच्याकडेही आहे. त्यावरचे गवत टिफड्वार्फ जातीचे. ज्या हरळीची दूर्वा आपण गणपतीला वाहतो, तिच्या आफ्रिकेतल्या एका बहिणीशी झालेल्या संकरातून हे कूळ निघाले. याला बी धरत नाही, धावत्या काड्या लावूनच ते वाढवावे लागते. उन्हाळ्यात आम्ही ते साडेतीन मिलिमीटरवर कापतो. यंत्राच्या पात्यांत कागदाची पट्टी धरून ती पूर्ण लांबीभर सुरेख कापली जाते का, हे पाहिल्याशिवाय माझ्याकडे एकही मशीन शेडबाहेर पडत नाही, कारण बोथट पाते गवत कापत नाही, ओरबाडते, आणि ओरबाडलेल्या टोकातून बुरशी शिरते. पावसाळ्यात ढगांमुळे ऊन मिळत नाही आणि हरळीच्या जातीला सावली सोसत नाही, म्हणून कापणीची उंची पाच मिलिमीटरपर्यंत वाढवून पानांना जास्त जागा द्यावी लागते. ग्रीनवरून चेंडू किती लांब घरंगळतो हे मोजण्याचे स्टिम्पमीटर नावाचे साधन आहे. १९३५ साली एडवर्ड स्टिम्पसन यांनी ते बनवले. सगळी ग्रीन एकसारखी आहेत का, हे तपासणे हा त्याचा खरा उपयोग. सभासदांना मात्र आपला आकडा शेजारच्या मैदानापेक्षा मोठा हवा असतो, आणि त्या हट्टापायी ऐन जुलैत उंची कमी करण्याचा आग्रह होतो. हा आग्रह गवताच्या जिवावर उठणारा आहे, हे मी प्रत्येक बैठकीत सांगत आलो आहे.

वर्षातले सर्वांत महत्त्वाचे काम मे महिन्यात असते. वर्षभर हजारो पावले आणि यंत्रे फिरून ग्रीनची माती दबते आणि गवताखाली मेलेल्या काड्यांचा गादीसारखा थर साचतो. हे मोकळे करण्यासाठी पोकळ दाते असलेल्या यंत्राने भोके पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढायच्या, त्या उचलायच्या आणि भोकांत स्वच्छ वाळू झाडून भरायची. आमचे दाते १२ मिलिमीटरचे आहेत आणि दर ५ सेंटिमीटरवर एक भोक पडते, म्हणजे एका चौरस मीटरला चारशे. ४५० चौरस मीटरच्या ग्रीनवर एक लाख ऐंशी हजार भोके होतात आणि इतके करूनही पृष्ठभागाचा जेमतेम साडेचार टक्के भाग मोकळा होतो. त्या कांड्या उचलायला आमच्या वीस बायका ओळीने बसतात, तेव्हा त्यांच्या हातांचा वेग पाहण्यासारखा असतो. मेच्या उन्हात हे गवत दोन ते तीन आठवड्यांत भरून येते. मात्र त्या काळात चेंडू उडतो, खेळाडू वैतागतात आणि तक्रारवही भरते.

त्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीची निमंत्रितांची स्पर्धा ठरली, पाठोपाठ दुसरी ठरली, आणि ‘या वर्षी भोके पावसाळ्यानंतर पाडू’ असे क्लबच्या समितीने म्हटले. तशी टिप्पणी तयार झाली आणि तिच्यावर माझी सही आहे. तोंडी विरोध मी केला होता, पण कागदावर विरोध नाही, सही आहे. त्यातच वाळूचा प्रश्न होता. नदीची वाळू मिळणे अवघड झाल्यापासून सगळीकडे बेसाल्ट फोडून केलेली क्रश सँड येते. ती नीट धुतलेली असेल तर चालते, पण तिच्यात दगडाची पीठासारखी भुकटी राहिली असेल तर वर दिलेली प्रत्येक वाळू खालची छिद्रे बुजवत जाते. ग्रीनच्या मिश्रणात अतिबारीक वाळू, गाळ आणि चिकणमाती मिळून दहा टक्क्यांच्या वर असू नये, असा नियम आहे. काचेच्या बरणीत पाणी आणि वाळू हलवून ठेवली की वर बसणारा राखाडी पट्टा कुणालाही दिसतो. त्या मार्चमध्ये मी तो पट्टा दाखवूनही खरेदी विभागाने सर्वांत स्वस्त निविदाच घेतली. वाळू म्हणजे वाळू, असे मानणाऱ्या माणसाच्या हातात मैदानाची खरेदी असू नये, असे माझे आजही मत आहे.

सातवे ग्रीन सखलात आहे आणि पूर्वेला वर्षावृक्षांची रांग आहे, त्यामुळे सकाळचे ऊन आणि वारा दोन्ही तिथे उशिरा पोहोचतात. जुलैच्या शेवटी सलग अकरा दिवस सूर्य दिसला नाही. रोज पहाटे वायपरने पाणी ओढत होतो. ऑगस्ट लागला तेव्हा ग्रीनच्या खालच्या अंगाला गवत पिवळट आणि विरळ झाले. मी बुरशी धरली, दोनदा बुरशीनाशक फवारले, शिवाय रंग यावा म्हणून अमोनियम सल्फेटची हलकी मात्रा दिली. ती मात्रा आठवली की अजून अस्वस्थ व्हायला होते.

बारा ऑगस्टला नाना गावी भाताच्या शेतातले तण काढायला गेले होते. पंधरा ऑगस्टची स्पर्धा तोंडावर असल्याने मी स्वतः होल कटर उचलला. किती वर्षांनी, ते मला सांगता येणार नाही. पहिली सहा ग्रीन नीट गेली. सातव्यावर कटर पिरगाळून वर ओढला तेव्हा आधी वास आला, सडक्या अंड्यांचा. डोक्याला बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात प्लग पाहिला. वरून सात सेंटिमीटरवर बोटभर जाडीचा डांबरासारखा काळा पट्टा होता आणि मुळे त्या पट्ट्यापाशी येऊन संपली होती. खालच्या वाळूत एकही जिवंत मूळ नव्हते. ग्रीनच्या वरच्या अंगाला आणखी तीन जागी कापून पाहिले, तिन्ही ठिकाणी तेच.

हा काळा थर मी पुस्तकात वाचला होता. पाणी तुंबून मातीतली हवा संपली की हवेविना जगणारे जिवाणू सल्फेटमधला प्राणवायू वापरतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, आणि तो मातीतल्या लोहाशी मिळून काळे आयर्न सल्फाइड बनते. म्हणजे बुरशी नव्हतीच. ग्रीन आतून गुदमरत होते, आणि मी वरून त्या जिवाणूंना सल्फेटचे खाणे पुरवत होतो.

सकाळी सात वाजता तो प्लग कार्यालयाच्या खिडकीत ठेवला आणि ग्रीन बंद करण्याची परवानगी मागितली. क्लबचे कॅप्टन आणि समितीचे दोन सदस्य दुपारी चारला आले. मी प्लग पुढे केला तेव्हा तो बाहेरून साधा करडा दिसत होता. हवा लागली की आयर्न सल्फाइडचा प्राणवायूशी संयोग होतो आणि काळा रंग उडतो, वासही जातो. हे वाचलेले असूनही मला वेळेवर आठवले नाही. कॅप्टन म्हणाले, “ही तर नेहमीची माती आहे.” मी तिघांना भर पावसात सातव्या ग्रीनवर नेले आणि त्यांच्यासमोर नवा प्लग कापला. वास आल्यावर कुणी काही बोलले नाही. स्पर्धेसाठी फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे नेणाऱ्या गवताच्या लांब पट्ट्याच्या, टोकाला तात्पुरते ग्रीन कापून द्यायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी नाना आले. मी त्यांना प्लग दाखवून विचारले, “नाना, तुम्ही रोज इथे होल कापता. हे आधी दिसले नव्हते का?” ते शांतपणे म्हणाले, “साहेब, दिसला होता की. पंधरा दिवस झाले. तुमच्या खिडकीत आणून ठेवला होता.”

ठेवला होता, हे मला लगेच आठवले. जुलैच्या अखेरीस खिडकीत मातीचा एक प्लग होता. नाना पाचला कामावर येतात आणि एकला घरी जातात. त्या दिवशी मी कृषी सेवा केंद्रातून परत येईपर्यंत दोन वाजले होते. मला दिसला तो एक करडा, वाळलेला ठोकळा. कुणीतरी कुठे तरी लावण्यासाठी काढून ठेवला असेल, असे समजून मी तो शिपायाला उचलायला सांगितला. “मला तोंडाने का नाही सांगितले?” असे मी विचारले तेव्हा नाना म्हणाले, “वस्तू समोर असल्यावर बोलायचं काय साहेब? तुम्ही उचलायला लावलात, म्हणजे तुम्हाला ठाऊक असणार, असं वाटलं.”

त्या आठवड्यात जे केले ते सगळे हाताने केले. ओल्या मातीत पोकळ दाते घातले तर भोकाच्या भिंती लिंपल्या जातात, म्हणून आमच्या लोहाराकडून ८ मिलिमीटरच्या भरीव सळयांचे काटे करून घेतले आणि आठ माणसांनी तीन दिवस ते पायाने दाबून काळ्या पट्ट्याच्या आरपार भोके पाडली. गंधकाची सगळी खते बंद केली आणि नत्रासाठी कॅल्शियम नायट्रेट दिले, कारण नायट्रेट मिळाले की तुंबलेल्या मातीतले जिवाणू सल्फेटच्या आधी ते वापरतात. खरा दोष मात्र ओढ्याच्या काठावर सापडला. निचऱ्याच्या मुख्य पाइपचे तोंड गाळाने आणि मुळांनी इतके गच्च भरले होते की त्यात सळई शिरत नव्हती. नानांनी आणि एका तरुण मुलाने चिखलात उभे राहून ते तीन तासांत मोकळे केले. पहिल्यांदा आले ते काळे, घाण वासाचे पाणी. मग ते हळूहळू गढूळ झाले, आणि संध्याकाळपर्यंत पाइपातून स्वच्छ धार वाहू लागली. चौदा वर्षांत इतके समाधान मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिलेले नाही. पण ते तोंड दर मेमध्ये तपासायचे, असे माझ्याच वेळापत्रकात लिहिलेले होते, आणि भोके रद्द झाली तेव्हा त्या आठवड्याची सगळीच कामे मी खोडली होती.

ग्रीनचा एक तृतीयांश भाग मेला. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात पोकळ दात्यांचे काम केले, धुतलेली वाळू भरली, रोपवाटिकेतल्या काड्या लावल्या आणि डिसेंबरच्या मध्यावर सातवे ग्रीन पुन्हा खेळात आले. झाडांच्या फांद्या छाटण्याचा अर्ज वृक्ष प्राधिकरणाकडे गेला, थोड्या फांद्या निघाल्या. सकाळचे ऊन आता तासभर आधी येते.

बुरशीचा संशय आला तेव्हा मी गवताचे पान भिंगाखाली पाहिले होते. कटर उचलून एक प्लग काढायला दोन मिनिटे लागली असती. ती दोन मिनिटे मी का काढली नाहीत, याचे पटणारे उत्तर मला अजून मिळालेले नाही. वाळूची निविदा, समितीचा ठराव, पूर्वेची झाडे, ही कारणे खरी आहेत, पण त्यांतले एकही मला त्या दिवशी सातव्या ग्रीनवर जाण्यापासून अडवत नव्हते.

यंदा समितीने मेमध्ये अठरापैकी दहा ग्रीनवर भोके पाडायला परवानगी दिली. सातवे त्या दहांत होते. राहिलेल्या आठांबद्दलचा माझा विरोध या वेळी लेखी आहे. त्या आठांत बारावे आणि पंधरावे सखल आहेत, आणि जून लागल्यापासून नाना रोज पहाटे तिथला एकेक तुकडा माझ्या खिडकीत आणून ठेवतात. हवा लागू नये म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला असतो, आणि मी येऊन गाठ सोडेपर्यंत नाना दारातच उभे असतात.