जॉइन केल्यावर ओळी का वाढल्या?

आर या डेटा-विश्लेषणाच्या प्रोग्रामिंग भाषेत दोन टेबलं जोडायला (म्हणजेच जॉइन करायला) कोडची एक ओळ पुरते. माझा वेळ जातो तो त्याआधीच्या तपासणीत. एका टेबलात व्यवहार, दुसऱ्यात ग्राहक, दोन्हीकडे ग्राहक क्रमांक. एवढ्या भरवशावर लेफ्ट जॉइन (पहिल्या टेबलातल्या सगळ्या ओळी ठेवून दुसऱ्यातली माहिती जोडणं) मारला की कधी कधी ओळी वाढतात. ग्राहकांच्या टेबलात एकच क्रमांक दोनदा आलेला असतो. कोणाचे 3 व्यवहार आणि ग्राहकांच्या टेबलात 2 नोंदी असतील तर 6 ओळी होतात, आणि त्याच्या रकमेची बेरीज गुपचूप दुप्पट. म्हणून आधी काउंट (मोजणारं फंक्शन) लावून 1 पेक्षा जास्त वेळा आलेले क्रमांक काढतो. पुनरावृत्ती काढणारं डिस्टिंक्ट डोळे झाकून लावत नाही. कुठली नोंद ठेवायची ते तारीख बघून ठरवतो. डीप्लायर या आरच्या पॅकेजमध्ये 1.1.1 आवृत्तीपासून दोन्ही टेबलांत क्रमांकाची पुनरावृत्ती असली की इशारा मिळतो, पण तो लॉगमध्ये (चालताना छापल्या जाणाऱ्या संदेशांत) वाहून जातो. त्यापेक्षा जॉइनच्या रिलेशनशिप या पर्यायात ‘मेनी-टू-वन’ (अनेक व्यवहारांना एकच ग्राहक-नोंद) लिहिलेलं बरं, गडबड असेल तर एरर येऊन काम तिथेच थांबतं.

दुसरी डोकेदुखी क्रमांकाच्या प्रकाराची. फाइल वाचताना ‘00417’ चा 417 होतो. दुसरीकडे तोच क्रमांक मजकूर म्हणून असला की डीप्लायर जोडायलाच नकार देतं. मग घाईत 417 चा मजकूर केला जातो. एरर जाते, पण ‘417’ आणि ‘00417’ वेगळे असल्याने जुळणी मात्र होत नाही. तो कॉलम वाचतानाच मजकूर म्हणून घ्यावा आणि कडेच्या मोकळ्या जागा काढून टाकाव्यात. रिकामे क्रमांकही तपासा: डीप्लायर एनएला (आरमधली रिकामी नोंद) एनएशी जुळवतं, डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत मात्र नलची (तिथली रिकामी नोंद) जुळणी नलशी होत नाही. जोडण्याआधी अँटी जॉइन (दुसऱ्या टेबलात जोडी नसलेल्या ओळी देणारा) चालवला की न जुळणारे क्रमांक समोर येतात.

फिल्टर आधी केला, नको ते कॉलम आधीच टाकले, तर मेमरी वाचते, हे खरंच. पण जागा चुकली तर उत्तर बदलतं. लेफ्ट जॉइननंतर ग्राहकाच्या ‘सक्रिय’ या कॉलमवर फिल्टर लावला, तर न जुळलेल्या व्यवहारांच्या ओळी जातात, कारण तिथे एनए असतो आणि फिल्टर एनए ठेवत नाही. लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन (फक्त जुळलेल्या ओळी ठेवणारा) झाला, तोही एररशिवाय. सगळे व्यवहार हवे असतील तर ग्राहकांचं टेबल आधी गाळून मग जोडतो.

वेगाची चिंता मी शेवटी करतो. टेबल फारच मोठं असेल तर डेटा.टेबल या आरच्या दुसऱ्या पॅकेजमध्ये की लावतो, म्हणजे जुळवायचा कॉलम ठरवून देतो. त्यामुळे टेबल कॉपी न करता जागच्या जागी त्या कॉलमवर सॉर्ट होतं, आणि पुढच्या जुळण्या बायनरी सर्चने (दर वेळी शोधाची जागा निम्मी करत) होतात.