ताट्या भरण्यापासून बिल वाचण्यापर्यंत : आमची वाटचाल

आमच्या अकोल्यातल्या दुकानाच्या पाटीवर आजही ‘कूलर तयार करून व दुरुस्त करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं आहे. पाटी वडिलांच्या काळातली. आता येणाऱ्या बऱ्याच गिऱ्हाइकांच्या हातात कूलरचा पंप नसतो, घडी घातलेलं विजेचं बिल असतं. हा बदल ठरवून झालेला नाही. तो कसा होत गेला, ते लिहून ठेवतो.

वडिलांनी ऐंशीच्या दशकात ताट्या भरण्यापासून सुरुवात केली. लोखंडी अँगलचा सांगाडा, खाली पत्र्याची टाकी, तीन बाजूंना जाळीच्या ताट्या आणि त्यांत लाकडाचा बारीक कीस, म्हणजे वूडवूल. वाळ्याच्या ताट्या डॉक्टर-वकिलांच्या घरी जायच्या, बाकी सगळं गाव वूडवूलवर. होळी पेटली की फोन सुरू, मृग लागला की धंदा गार. चार महिन्यांत वर्षाची भाकरी कमवायची, उरलेले आठ महिने वेल्डिंगची फुटकळ कामं करायची. वडिलांना वीजबचत वगैरे शब्द माहीतही नव्हते. पण कूलर बसवायला गेले की आधी खिडक्या मोजायचे, मग कूलरची जागा सांगायचे. ती सवय मला लागली, आणि पुढचा सगळा धंदा तिच्यावर उभा राहिला.

कारण कूलर हे यंत्र कमी आणि हवेचा रस्ता जास्त. ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढली की पाण्याची वाफ होते, ती वाफ हवेतली उष्णता घेते. आपल्या वऱ्हाडची मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की हे काम झकास होतं. मुंबईला तोच कूलर नेला तर नुसता चिकचिकाट. मात्र आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी बंद ठेवली की तासाभरात खोली दमट होते आणि माणूस म्हणतो, ‘कूलर खराब आहे.’ अशा तक्रारीला आमचा मुलगा आजही अवजारांची पेटी न उघडता खिडकी उघडतो. निम्म्या वेळा काम तिथेच संपतं, आणि पैसे मागायलाही लाज वाटते.

दुसरी तक्रार पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जिथलं जमिनीतलं पाणीच खारट, शेतकऱ्याला जसा ठाऊक, तसा आम्हालाही. बोअरचं पाणी कूलरमध्ये घातलं की पंधरवड्यात ताटीवर पांढरा थर बसतो. ताटी चोंदते, हवा कमी येते, मोटर तेवढीच वीज खाते. टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण ओतून टाका, नुसतं वरून भरत राहू नका, हे आम्ही ताटीबरोबर फुकट सांगतो. मधमाशीच्या पोळ्यासारखे कागदी पॅड आता सगळीकडे मिळतात. ते टिकतात जास्त, पण क्षाराने एकदा दगड झाले की वूडवूलसारखे पन्नास-शंभरात बदलता येत नाहीत. बोअरचं पाणी असेल तर मी अजूनही वूडवूलच देतो. मुलाला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, नफा पॅडमध्ये आहे. आहेच.

घरंही बदलत गेली. आमच्या लहानपणी जुन्या वस्तीत धाब्याची घरं होती. जाड मातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं. दुपारी दोनला आत गेलं तरी जीव शांत व्हायचा. त्यांच्या जागी स्लॅब आले. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते खाली सोडतो. वरच्या मजल्यावर रात्री अकराला पंखा लावला तर अंगावर गरम हवाच पडते. त्यावर लोकांनी शोधलेला उपाय म्हणजे एसी.

एसीची एजन्सी आम्हीही घेतली. नाही म्हणायचं कारण नव्हतं. एका एसीवर जेवढे सुटायचे तेवढ्यासाठी आधी ढीगभर ताट्या भराव्या लागायच्या. पण उन्हाळा सरता सरता तीच माणसं बिल घेऊन परत यायची. हिशेब साधा आहे. मोठा कूलर पंपासकट साधारण २०० वॅट घेतो, रोज दहा तास चालला तर दोन युनिट, महिन्याला ६०. दीड टनाचा एसी तापलेल्या स्लॅबखाली रात्री आठ तास चालला तर रोज ८ ते १० युनिट सहज जातात, म्हणजे महिन्याला २४० ते ३००. आणि हे युनिट बिलाच्या तळाला बसत नाहीत, ते डोक्यावर बसतात. घरगुती वीजदराचे टप्पे असे की १०० युनिटांनंतरचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त आणि ३०० नंतरचा जवळजवळ तिप्पट. एसीचा प्रत्येक युनिट त्या महागड्या टप्प्यात मोजला जातो.

हे सगळं मी तरी नीट कधी शिकलो? २०२० मध्ये. लॉकडाऊन लागला तो मार्चच्या शेवटी, म्हणजे आमच्या हंगामाच्या तोंडावर. भरलेल्या ताट्या दुकानात पडून. इकडे माणसं दिवसभर घरात, कूलर-पंखे दिवसभर चालू, आणि मीटरचं रीडिंग घेणारं कोणी नाही. जूनमध्ये सगळ्या महिन्यांचे युनिट एकाच बिलात आले आणि राज्यभर आरडाओरड झाली. आमच्या दुकानासमोरही गर्दी व्हायला लागली, कारण विजेचं जे काही असेल ते ‘कूलरवाल्या भाऊंना’ विचारायचं अशी मोहल्ल्याची पद्धत. मी तोंडाला रुमाल बांधून एकेक बिल वाचत बसलो. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्या सगळ्यावर वीज शुल्क. युनिट महिन्यांत विभागून टप्प्याचा फायदा दिलाय का नाही. बहुतेकांची समजूत होती की ३०० च्या वर एक युनिट गेला की सगळे युनिट महाग होतात. तसं नाही, वरचे तेवढेच महाग. पण म्हणूनच वरचे चाळीस-पन्नास युनिट खाली आणले तर बिलात फरक डोळ्यांना दिसतो.

त्या पावसाळ्यात धंदा नव्हता, म्हणून ओळखीच्या घरी जाऊन ते चाळीस-पन्नास युनिट शोधायला लागलो. सगळ्यात मोठा चोर निघाला छताचा पंखा. एसीकडे सगळ्यांचं लक्ष, पंख्याकडे कोणाचं नाही. जुना पंखा ७५ वॅटचा. घरात चार पंखे, रोज पंधरा तास, म्हणजे साडेचार युनिट. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा तेच वारं ३० वॅटच्या आसपास देतो. चारही बदलले तर महिन्याला ८० युनिट वाचतात. २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल बंधनकारक झालंय, त्यामुळे गिऱ्हाइकाला दाखवायलाही सोपं पडतं. एक सूचना मात्र करतो: हा पंखा जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, रेग्युलेटर बायपास करून घ्या. आणि जुना पंखा नुसता मंद झाला असेल तर आधी कंडेन्सर बदलून बघा. त्याला शंभर रुपयेही लागत नाहीत.

बाकीच्या गोष्टी बारीक. भिंतीला चिकटवलेला फ्रीज थोडा पुढे ओढायचा. हिवाळ्यात गिझरचं कॉइल क्षाराने माखलेलं असतं, ते साफ करायचं. टाकी भरून वाहतेय आणि मोटर चालूच, हे तर घरोघरी. आणि गच्चीला पांढरा चुना. मे लागण्याआधी डिंक घातलेल्या चुन्याचे दोन हात मारले तर खालच्या खोलीत फरक हाताला कळतो. यात आम्हाला जवळजवळ काही सुटत नाही. पण तो गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पंखे आमच्याकडूनच घेतो.

पैसे मागणं हा वेगळाच प्रकार होता. घर बघायचे दोनशे रुपये सांगितले तर गोरक्षण रोडवरच्या एक काकू म्हणाल्या, “अरे बाबू, बिल वाचायचे बी पैसे? मंग मले शिकव, मीच वाचतो!” त्यांना शिकवलं. त्या आता गल्लीतल्या सगळ्यांची बिलं वाचतात आणि कामं आमच्याकडे धाडतात. तेव्हापासून भेटीचे पैसे वेगळे घेत नाही, सामानाच्या बिलात वळते करतो. सामान घेतलंच नाही तर गेले.

सौरच्या कामात उतरलो ते २०२४ मध्ये, पंतप्रधान सूर्यघर योजना आल्यावर. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान म्हटल्यावर मागणी वाढणारच होती. तरी आमची अट एकच: आधी पंखे आणि गच्ची, मग पॅनेल. भार कमी केला की ३ च्या जागी २ किलोवॅटमध्ये भागतं. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. लोकांना वाटतं, मे महिन्यात ऊन जास्त म्हणजे वीजही सगळ्यात जास्त. पॅनेल तापलं की उत्पादन उतरतं, वर धूळ बसते ती वेगळीच. शिवाय ग्रीडला दिलेले जादा युनिट मार्चअखेर हिशेबात मिटतात. म्हणजे हिवाळ्यात साठलेले युनिट एप्रिल-मेच्या एसीला कामी येत नाहीत. हे विकणाऱ्याने सांगायला हवं. सांगितल्यामुळे आमचे काही सौदे गेले, ठीक आहे.

एसीच्या विरोधात मी नाही. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, जिल्हाधिकाऱ्यांना उन्हामुळे कलम १४४ लावावं लागलं. तशा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एसी घ्या म्हणून मीच सांगतो. जून उजाडला, हवा दमट झाली की कूलर तसाही हात टेकतो. फक्त एकच खोली निवडा, शक्यतो खालच्या मजल्यावरची. दाराखालची फट बुजवा, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून तट्ट्या लावा, एसी २४ च्या खाली नेऊ नका आणि वर पंखा चालू ठेवा. १८ वर ठेवून रजई घेणारे आमच्या गिऱ्हाइकांतही आहेत. त्यांना मी काही बोलत नाही, बिल आलं की ते स्वतःच येतात.

आता आम्ही सहा जण आहोत. दोन वायरमन, दोघे वेल्डिंग आणि ताट्यांना, मुलगा सौरला, मी बिलांना. पूर्वीचे रिकामे आठ महिने आता भरलेले असतात; दिवाळीनंतर गिझर, संक्रांतीनंतर पंखे आणि चुना. येत्या उन्हाळ्यासाठी ज्यांना ताट्या भरून हव्यात त्यांनी माघातच सांगावं, होळीनंतर माणसं मिळत नाहीत. आणि बिल दाखवायला येताना एकच आणू नका, मागच्या मे-जूनचं आणि जानेवारीचं अशी दोन्ही आणा.