तपासून घेतले

१५ ऑक्टोबर म्हणजे आमच्या ग्रंथालयात फोटोचा दिवस. कलामांच्या जयंतीला वाचन प्रेरणा दिन करायचा, हे २०१५ पासून ठरलेलं. तसबिरीला हार, सतरंजीवर शाळेतली वीसेक मुलं, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक, मागे बॅनर, आणि तो फोटो अहवालाला जोडून वर पाठवायचा. एखाद्यानं पुस्तक उलटं धरलं असलं तरी अहवाल मंजूर होतो. गेल्या वर्षी मला या सगळ्याचा कंटाळा आला. देवघेवीच्या काउंटरशेजारी फळा उभा केला आणि खडूनं लिहिलं : 'कादंबरीचं फक्त पहिलं वाक्य सांगा. नाव इतरांनी ओळखायचं. बरोबर की चूक ते पुस्तक उघडून ठरेल.' शेवटचा नियम माझ्या डोक्यातून आलेला. तोच अंगाशी आला.

सकाळी पेपर वाचायला येणारे काका फळ्यापुढून दोनदा गेले, थांबले नाहीत. सुरुवात केली ती बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी. चष्मा काढून म्हणाले, "माझी कहाणी मी का सांगत आहे?" दोन-तीन जण एकदम ओरडले, "ययाति!" मी कपाटातून प्रत काढली, ताळा केला. बरोबर. मग ड्युटीवर निघालेला एक एसटी कंडक्टर आला. त्यानं एका वाक्यावर थांबायचं कबूलच केलं नाही. 'मृत्युंजय'मधला कर्ण मेल्यावर बोलायला का उभा राहतो, ते सगळं त्यानं हातवारे करत म्हणून दाखवलं. खांद्यावरची तिकिटाची पिशवी हलत होती आणि वाचनकक्षात 'शांतता पाळा' ही पाटी होती. मी पाटीकडे पाहिलं नाही.

एका आजींना वाक्य आठवेना. "शब्द गेले गं सगळे. पण तो एकटाच पायी निघालाय बघ, धनगरांच्या वाडीवर मास्तर म्हणून." असल्या वर्णनावरून पुस्तक काढून देणं हे तर आमचं रोजचंच काम. 'ते निळ्या कव्हरचं, त्यात ती बाई शेवटी परत येते' एवढ्यावर आम्ही कादंबरी शोधतो. आजींना 'बनगरवाडी' मिनिटात मिळाली. त्यांनी तिथंच उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं आणि काही न बोलता पुस्तक पिशवीत टाकलं. नोंद करायची राहिली, ती मी नंतर केली.

खरी वादावादी झाली ती ज्युनिअर कॉलेजमधल्या इंग्रजीच्या मॅडममुळे. त्यांनी काम्यूच्या १९४२ सालच्या फ्रेंच कादंबरीचं वाक्य मराठीत सांगितलं : "आई आज मेली. किंवा काल असेल, मला माहीत नाही." महिला मंडळाच्या ताई ताडकन म्हणाल्या, "आईला मेली म्हणतात का कुणी? वारली म्हणा. गेली म्हणा." मॅडम म्हणाल्या, "पण सांगणाऱ्याला तसं हळवं व्हायचंच नाहीये." "नसू दे. आई आहे ना?" बँकवाले मध्ये पडले. मूळ फ्रेंचमध्ये आईसाठी लाडाचा, लहान मुलाच्या तोंडचा शब्द आहे, असं मॅडमनी सांगितल्यावर ताईंना आणखी जोर चढला. मी मनातल्या मनात 'आई आज गेली' म्हणून पाहिलं. त्यात आई बाजारातही गेलेली असू शकते. मला 'मेली'च पटलं, पण बोलले नाही. ताई आमच्या कार्यकारिणीवर आहेत.

तीनच्या सुमाराला बी.ए.चा एक मुलगा आला. शांत, नियमित येणारा, पुस्तक वेळेत परत करणारा. त्यानं फळा वाचला आणि एक वाक्य सांगितलं. वाक्य कसलं, वाक्याची शेपटी. आधीचा भाग कुठं तरी राहून गेल्यासारखी. कुणाला ओळखता येईना. "हरलात? 'कोसला'," तो म्हणाला.

मराठीचे निवृत्त सर खुर्चीतून अर्धे उठले. "अरे, कुणाला सांगतोस? 'मी पांडुरंग सांगवीकर. आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे.' १९६३ सालचं पुस्तक. लिहिणाराही तेव्हा पंचवीसच वर्षांचा होता. या 'उदाहरणार्थ'वर आम्ही होस्टेलवर रात्र रात्र भांडलोय!"

"हे वाक्य आहे ना सर, पण ते पुढं येतं. आधी बरीच पानं नुसतं चालू राहतं, मग तो नाव सांगतो. मला तेच जास्त आवडलं."

"पुढं?"

"हो. इथलीच प्रत दोनदा वाचलीय मी."

नियम माझाच होता, म्हणून प्रत काढली. शीर्षकाचं पान होतं, आमचा शिक्का आणि दाखल क्रमांक होता. ते उलटलं आणि खरंच वाक्याच्या मध्यात येऊन पडले. सोळाएक पानं पुढं गेल्यावर पांडुरंग सांगवीकर भेटला, आणि तो भाग संपताच मजकूर भलतीकडेच उडी मारून पुढं चालू लागला.

कसं झालं ते दोऱ्याकडे पाहिल्यावर कळलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांचं, म्हणजे घडी घातलेल्या जुडग्यांचं, शिवलेलं असतं. सगळ्यात आधी निसटतो तो पहिला फर्मा, कारण पुठ्ठा उघडण्याचा सगळा ताण त्याच्यावर येतो. आमच्या या प्रतीचं शीर्षकपान आधीच सुटलं होतं. बाइंडरनं ते खळीनं वर चिकटवलं, आणि उरलेला सैल फर्मा दुसऱ्या फर्म्याच्या मागे घालून शिवून टाकला. पानांचे आकडे पाहून तरी कळायला हवं होतं, पण कडा एकसारख्या करताना खालचं कटिंग इतकं आत घेतलं होतं की आकड्यांची नुसती डोकी उरली होती.

आतल्या पुठ्ठ्यावर बाइंडिंगचं साल होतं आणि खाली निळ्या शाईत 'तपासून घेतले'. सही माझी. त्या वर्षी पुस्तकांचे गठ्ठे एका दुपारीत मोजून घेतले होते. मोजले होते, उघडले नव्हते. त्यानंतरच्या तारखेच्या चिठ्ठीवर नऊ शिक्के होते. नऊ वेळा पुस्तक बाहेर जाऊन परत आलं, आणि तक्रार एकाचीही नाही.

मी मुलाला म्हटलं, "अरे, तुला काहीच खटकलं नाही?"

"खटकलं ना. पण नेमाडे आहेत म्हटल्यावर वाटलं, असंच असणार."

इंग्रजीच्या मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. सर मात्र हसले नाहीत. प्रत हातात घेऊन त्यांनी ती अर्धवट शेपटी पुटपुटत वाचली, मग पुढं, मग आणखी पुढं. मुलगा त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहत होता आणि "इथं सर, इथं येतं नाव," असं दाखवत होता. मी दुसरी, धड प्रत शोधली. ती कुणीतरी नेली होती.

ती परत आली की आपल्यासाठी राखून ठेवा, असं मुलानं सांगितलं. त्याला आता सुरुवातीपासून वाचायची होती. मी ही बिघडलेली प्रत बाजूला काढून, उसवून परत शिवायला द्यायच्या गठ्ठ्यात ठेवायला हात पुढं केला, तर सर सोडेनात.

"ही माझ्या नावावर लिहा."

"अहो सर, तुम्हाला तर तोंडपाठ आहे."

"अशी नाही."

लिहिली. तेव्हापासून त्यांनी दोनदा मुदत वाढवून घेतली आहे. बाइंडिंगचा गठ्ठा मधल्या काळात गेला आणि परत आला. या वेळी प्रत्येक पुस्तक उघडून पाहिलं, मगच सही केली.