कणकुंबी ते खानापूर, मलप्रभेच्या काठानं

गेल्या रविवारी तिघं जण बाइकवरनं जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो, बेळगावहून दीडेक तास, खड्डे चुकवत गेलात तर दोन धरा. माउलीच्या देवळाजवळच मलप्रभेचा उगम आहे, कुंडात बघितलं तर वाटत नाही की हेच पाणी पुढं सौंदत्तीच्या नवीलुतीर्थ धरणात साठतं आणि हुबळी-धारवाडला प्यायला जातं. खरी गंमत आजूबाजूला हिंडलं की कळते. मलप्रभेचं पाणी पूर्वेला कृष्णेत, आणि तिथलाच कळसा नाला पश्चिमेला म्हादईत, म्हणजे गोव्याला. दोन्हीकडचा पाणलोट एकाच गावात, त्यामुळं पाण्याचं भांडण इथं पेपरात वाचायची गोष्ट नाहीये.

आम्ही पाणी तपासायच्या एच टू एस च्या बाटल्या नेल्या होत्या (पाणी भरून एक-दोन दिवस घरात ठेवायचं, काळं पडलं तर त्यात मैल्याचे जंतू असायची शक्यता). पहिली कणकुंबीला भरली, हब्बनहट्टीला मारुतीपाशी दुसरी, पावसाळ्यात हा मारुती पाण्याखाली असतो, आता पायऱ्या उघड्या होत्या आणि पायरीवर निर्माल्य, पिशवीसकट! कपडे धूत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काय ओ, पाणी कशाला भरून घेतासा?" सांगितल्यावर त्यांनीच पिशवी उचलली आणि नारळाची करवंटी तेवढी चुलीला ठेवून घेतली. तिसरी बाटली खानापूरच्या पुढं, एक गटार नदीला मिळतं त्याच्या खाली.

मंगळवारी बघितलं तर पहिल्या दोन पिवळसरच, तिसरी काळीकुट्ट. तीन बाटल्यांवरनं नदीचा निकाल लावू नका, पण मी तरी त्या पाण्यात पाय बुडवणार नाही.

जाणार असाल तर बाटली वाहत्या धारेत भरा, काठाला नको, झाकणाच्या आत बोट लावू नका आणि नंतर ओतायच्या आधी ब्लीचिंग पावडर टाका. नोव्हेंबर-डिसेंबर बरा, पावसात जळवा चिकटतात. भीमगडच्या जंगलात शिरायचं तर आधी फॉरेस्टची परवानगी, मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही, बोर्ड बहुतेक कन्नडात. आणि गावात कोणाला विचारायचंच असेल तर बायकांना विचारा, जलजीवन मिशनमध्ये गावागणिक पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलंय, तुमच्या गावात किट पंचायतीच्या कपाटात पडून आहे का तेवढं बघा.

आम्ही पुढच्या महिन्यात त्या गटाराच्या वर एक बाटली भरणार आहे, येताय का कोण?