गोळी जेवणाच्या घासासोबतच

आज लेकाची तपासणी होती. द्वारका सर्कलच्या गर्दीतून कशीबशी वेळेत पोचले. नऊ वर्षांचा आहे. जन्मतःच लघवीच्या मार्गात पडदा होता. ऑपरेशन लगेच झालं, पण किडन्यांना इजा व्हायची ती झालीच.

हल्ली रात्री पाय दुखतात म्हणायचा. मला वाटलं, वाढीचं वय. आणि मी माउली रोज दोन ग्लास दूध पाजत होते, हाडं मजबूत व्हावीत म्हणून!

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल असं किडनीच करते. ती थकली की ते कमी पडतं, वर फॉस्फरस रक्तात साचतो. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून कॅल्शियम ओढून घेतात. दुधात कॅल्शियम असतं तसा फॉस्फरसही असतो. दूध किती, ते आता रिपोर्ट बघून ठरणार. कोला, पाकिटातलं चीज बंद.

कॅल्शियमची गोळी आम्ही रिकाम्या पोटी देत होतो! ती जेवतानाच हवी, अन्नातला फॉस्फरस तिथल्या तिथे धरून ठेवायला. हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं, याचा फार त्रास झाला.

घरी आल्यावर दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला. पेन्सिलीची खूण दिवाळीतल्या खुणेच्या जेमतेम बोटभर वर. रात्री वरणभाताच्या पहिल्या घासासोबत गोळी स्वतःच मागून घेतली त्याने.